चेडरच्या घळीतला लाल पंखांचा पाहुणा: वॉलक्रीपरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉलक्रीपर हा आल्प्स, पिरेनीज आणि हिमालयातल्या उभ्या कड्यांवर राहणारा पक्षी. ब्रिटनच्या बेटावर तो सव्वादोनशेहून जास्त वर्षांत जेमतेम दहाएक वेळा दिसला आहे. आपल्याकडचे पक्षीमित्र उत्तराखंडच्या सहलीत त्याला नदीकाठच्या दगडांवर पाहून येतात. मग ब्रिटनमधल्या नोंदी वाचल्या की प्रश्नांवर प्रश्न निघतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

वॉलक्रीपर दिसतो कसा?

चिमणीपेक्षा किंचित मोठा, सोळा-सतरा सेंटीमीटरचा. वजन वीस ग्रॅमच्या आतबाहेर. बसलेला असताना तो निव्वळ राखाडी असतो आणि दगडात असा मिसळून जातो की दुर्बिणीतही हरवतो. चोच काळी, लांब, सुईसारखी बारीक आणि टोकाकडे खाली वळलेली. पंख उघडले की मात्र किरमिजी रंगाचा पट्टा दिसतो. पंखांची बाहेरची पिसं काळी आणि त्यांवर पांढरे गोल ठिपके. शरीराच्या मानाने पंख खूप रुंद आणि गोलाकार असल्यामुळे तो उडताना पक्षी वाटतच नाही. मोठं फुलपाखरू हेलकावे खात चाललंय असं वाटतं. ज्यांनी पाहिलाय त्यांच्या तोंडी फुलपाखराचीच उपमा येते.

हा खरंच गाणारा पक्षी आहे का?

हो. गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गोतावळ्यातलाच तो आहे. पण त्याचं कुटुंब स्वतंत्र मानलं जातं आणि त्या कुटुंबात तो एकटाच. सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे नटहॅच, झाडाच्या खोडावर डोकं खाली करून चालणारे पक्षी. गाणं म्हणजे बारीक, ताणलेली, वर चढत जाणारी शीळ.

यातली मला फार आवडणारी गोष्ट अशी की मादीही गाते. ती हिवाळ्यात गाते, आपल्या वाट्याचा कडा राखण्यासाठी. हिवाळ्यात प्रत्येक वॉलक्रीपर एकटा राहतो आणि नर असो वा मादी, आपल्या भिंतीवर दुसऱ्याला येऊ देत नाही.

उभ्या कातळावर तो चालतो कसा?

सुतारपक्षी शेपटीचा टेकू घेतो, तसा हा घेत नाही. त्याची शेपटी आखूड आणि मऊ असते. सगळा भार पायांवर. बोटं लांब, नख्या लांब, मागच्या बोटाची नखी तर अंगाच्या मानाने भलतीच मोठी. दगडाच्या बारीकशा खाचेतही ती रुतते.

रामनगरजवळ कोसी नदीच्या पात्रात गर्जिया देवीचं मंदिर आहे. तिथे एका जानेवारीत सकाळी मी याला पहिल्यांदा नीट पाहिलं. पलीकडच्या काठावर मातीचा आणि गोट्यांचा उभा कापलेला उतार होता. दहा मिनिटं नुसती भिंतच पाहत होतो. मग एका गोट्याच्या कडेला काहीतरी लाल लकाकलं आणि विझलं. पुन्हा लकाकलं, दोन हात वर. तो उड्या मारत चढत होता आणि प्रत्येक उडीनंतर पंख अर्धवट उघडून झटकन मिटत होता. एका फटीत चोच मुळापर्यंत घातली, मान वाकडी केली, पायांनी रेटा दिला आणि एक कोळी ओढून काढला. कोळ्याचे पाय चोचीबाहेर हलत होते. दगडावर एकदा आपटून तो गिळला आणि पुढच्या फटीकडे वळला. वरपर्यंत पोचल्यावर हवेत झेप घेतली, गोल फिरून पुन्हा उताराच्या तळाशी आला आणि नव्याने चढायला लागला. भिंत खालून वर तपासायची ही त्याची पद्धत आहे.

ब्रिटनमध्ये तो पहिल्यांदा कधी दिसला?

1792 साली, नॉरफोकमध्ये. ही नोंद मला सगळ्या नोंदींत मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नॉरफोकमधल्या स्ट्रॅटन स्ट्रॉलेस गावी रॉबर्ट मार्शम नावाचे जमीनदार राहत. झाडं लावण्याचा त्यांना ध्यास होता. वसंताची चाहूल कधी लागते हे ते 1736 पासून दरवर्षी टिपून ठेवत: पहिलं फूल कधी उमललं, पहिली भिंगरी कधी दिसली, बेडूक कधी ओरडले. त्यांच्या पश्चात हे टिपण त्यांच्या घराण्याने 1958 पर्यंत चालू ठेवलं. आज हवामानबदलाचा अभ्यास करणारे लोक त्या वह्या आदराने वापरतात.

30 ऑक्टोबर 1792 च्या पत्रात मार्शम यांनी सेल्बर्न गावचे पाद्री आणि निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांना कळवलं की घराभोवती उडणारा एक अनोळखी पक्षी त्यांच्या माणसाने मारून आणला आहे. सोबत वर्णन दिलं. व्हाइट यांनी त्या वर्णनावरून तो वॉलक्रीपर असल्याचं ओळखलं. एक म्हातारा माणूस पत्र लिहितो, दुसरा म्हातारा माणूस इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला बसून उत्तर देतो, आणि त्या पत्रव्यवहारामुळे एका पक्ष्याची नोंद टिकून राहते. पुढच्या उन्हाळ्यात व्हाइट वारले.

त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारूनच, हे वाचताना आजही टोचतं. शिवाय नॉरफोक हा सपाट मुलूख. कड्यांवर वाढलेल्या या पक्ष्याला त्या मुलखात उभं असं काय मिळालं, तर एका घराची भिंत.

त्यानंतर किती वेळा आला?

मान्य झालेल्या सगळ्या नोंदी मिळून सुमारे दहा होतात. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात अधूनमधून एखादा. मग डॉर्सेटच्या किनाऱ्यावर विन्सपिट इथे नोव्हेंबर 1969 मध्ये एक आला आणि एप्रिल 1970 पर्यंत राहिला. विन्सपिट म्हणजे समुद्रालगतच्या जुन्या, बंद पडलेल्या दगडखाणी. माणसाने घर बांधायला दगड काढून नेला, मागे सरळ कापलेली भिंत उरली आणि तीच या पक्ष्याने पसंत केली. 1985 मध्ये आईल ऑफ वाइटवर एक दिसला, म्हणजे बेटाच्याही बेटावर.

चेडरचा पक्षी एवढा प्रसिद्ध का?

कारण तो दोन हिवाळे आला.

सॉमरसेटमध्ये मेंडिप टेकड्यांत चेडरची घळ आहे. चीजमुळे नाव सगळ्यांना माहीत असतं. चुनखडीच्या दगडात पाण्याने कापलेली ही घळ काही ठिकाणी 137 मीटर खोल आहे आणि तळातून गाडीरस्ता जातो. इथल्याच एका गुहेत 1903 साली सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा सांगाडा सापडला. आपल्या समर्थांची शिवथरघळ डोळ्यांपुढे आणू नका. तिथे झाडी आणि पाणी, इथे उघडा, करडा-पांढरट, फटींनी भरलेला कातळ.

1976-77 च्या हिवाळ्यात इथे एक वॉलक्रीपर मुक्कामाला राहिला. वसंतात गेला. आणि 1977-78 च्या हिवाळ्यात त्याच घळीत पुन्हा वॉलक्रीपर हजर. तोच पक्षी परतला असं मानलं जातं, आणि ते पटण्यासारखं आहे. एकशे पंच्याऐंशी वर्षांत जो पक्षी मोजक्या वेळा आला, त्याच जातीचा दुसरा कोणी पुढच्याच वर्षी नेमका त्याच घळीत उतरेल, ही शक्यता फारच कमी.

लोक गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहत आणि माना वर करून तासन्‌तास वाट पाहत. पक्षी दिसायचा तो एवढ्या मोठ्या भिंतीवरचा एक राखाडी ठिपका म्हणून. मग लाल उघडझाप व्हायची.

म्हणजे तो वाट चुकून आला होता, असंच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्यातला ‘चुकून’ हा शब्द मला खटकतो.

वॉलक्रीपरची जी हालचाल असते ती मुख्यतः वर-खाली. उन्हाळ्यात युरोपात हजार ते तीन हजार मीटरवर, हिमालयात त्याहूनही उंच. थंडीत वरचे कडे बर्फाने झाकले की कीटक मिळेनासे होतात. मग तो खाली उतरतो, आणि उतरताना पसरतो. फ्रान्समध्ये हिवाळ्यात तो जुन्या किल्ल्यांच्या आणि चर्चच्या भिंतींवर, पुलांच्या कमानींवर, दगडखाणींत दिसतो. माणसाची वस्ती त्याला वर्ज्य नाही. उभा, फटी असलेला दगड पाहिजे आणि फटींत कोळी पाहिजेत, एवढंच त्याचं मागणं.

आता असा विचार करा. एखादा पक्षी इतरांपेक्षा जरा लांब सरकला. वाटेतल्या चांगल्या भिंती आधीच कोणीतरी राखलेल्या, कारण हिवाळ्यात प्रत्येकाची हद्द वेगळी. तो आणखी पुढे गेला. समुद्र लागला, तो ओलांडला आणि पलीकडे एक रिकामा कडा मिळाला. सॉमरसेटचा हिवाळा आल्प्सच्या मानाने सौम्य. पोट भरलं, जीव वाचला, वसंतात परत गेला. पुढच्या वर्षी त्याला त्या कड्याची आठवण होती.

वाट चुकलेला प्राणी चुकलेल्या जागी मुद्दाम परत येत नाही. चेडरचा पक्षी परत आला, यावरून मी तरी एवढंच म्हणेन की त्याला जागा सापडली होती.

असंच आम्स्टरडॅममध्ये घडलं. तिथल्या व्ह्रये विद्यापीठाच्या इमारतीवर 1989-90 च्या हिवाळ्यात एक वॉलक्रीपर राहिला आणि 1990-91 च्या हिवाळ्यात पुन्हा आला. नेदरलँड्ससारखा पसरट देश, डोंगराचं नाव नाही. पण विद्यापीठाची उंच इमारत त्याच्या हिशेबी कडाच होती.

एवढासा पक्षी समुद्र कसा ओलांडतो?

डोव्हरजवळ इंग्लिश खाडी सुमारे 33 किलोमीटरच रुंद आहे. वॉलक्रीपरचं उडणं हेलकावणारं दिसलं तरी पंख रुंद आणि दमदार असतात, डोंगरातले वारे पेलायला घडलेले. आठ-दहा ग्रॅमचे वटवटे दरवर्षी याहून कितीतरी मोठे समुद्र पार करतात. अडचण अंतराची नसून सवयीची आहे: ज्याचं स्थलांतर एका डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालतं, त्याला सहसा समुद्रावर जायची वेळच येत नाही.

नर आणि मादी ओळखता येतात का?

विणीच्या काळात सोपं. नराचा गळा आणि छाती काळी होते. हिवाळ्यात दोघांचेही गळे पांढुरके असतात. वसंत जवळ आला की गळ्याची पिसं बदलतात. त्यामुळे मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम केलेला पाहुणा असेल तर त्याच्या गळ्याकडे लक्ष ठेवायचं. काळं दिसू लागलं की बहुधा नर.

घरटं कुठे असतं?

कड्याच्या खोल कपारीत, शेवाळ, लोकर आणि पिसांचं. बहुधा चार अंडी. उबवते फक्त मादी. ब्रिटनमध्ये त्याने कधीही घरटं केलेलं नाही.

दुसऱ्या एखाद्या पक्ष्याशी गल्लत होते का?

पंख उघडलेला दिसला तर नाहीच. ब्रिटनमध्ये ट्रीक्रीपर सगळीकडे आहे. तोही वाकड्या चोचीचा आणि चढणारा, क्वचित भिंतीवरही येतो. पण तो तपकिरी असतो, शेपटीचा टेकू घेतो आणि त्याच्या पंखात लाल काहीच नसतं.

ब्रिटनमध्ये अशी नोंद मान्य कोण करतं?

पाहणाऱ्याने वर्णन, फोटो, वेळ, ठिकाण हे सगळं आधी त्या परगण्याच्या नोंदणीकाराकडे द्यायचं. दुर्मीळ पक्षी असेल तर प्रकरण दुर्मीळ पक्ष्यांच्या राष्ट्रीय समितीकडे जातं. ही समिती 1959 पासून काम करते आणि तिचे दहा मतदार सदस्य प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे तपासतात. ब्रिटनची अधिकृत यादी मात्र ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियन सांभाळते. आज त्या यादीत सहाशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा वॉलक्रीपरसारख्या क्वचित येणाऱ्या.

कोणाला ही छाननी जाचक वाटते. मला ती फार आवश्यक वाटते. आपल्याकडे गावागावांत उत्तम पक्षीनिरीक्षक आहेत, पण “मी पाहिला” यापुढे वर्णन लिहून ठेवण्याची सवय अजून सगळ्यांना लागलेली नाही. तारीख, वेळ, ऊन कुठून होतं, पक्षी काय करत होता, हे जागच्या जागी वहीत लिहा. मार्शमांनी लिहिलं म्हणून आपण आज 1792 च्या पक्ष्याबद्दल बोलतो आहोत.

मोबाइल नसताना चेडरच्या पक्ष्याची बातमी पसरली कशी?

घरच्या फोनवरून, एकाने दुसऱ्याला सांगत. नॉरफोकच्या किनाऱ्यावर क्ले नावाचं गाव आहे. तिथला नॅन्सीज कॅफे त्या काळी पक्षीवाल्यांचा अड्डा होता. फोन वाजला की जो जवळ बसलेला असेल त्याने उचलायचा, पलीकडचा विचारायचा “आज काय आहे?”, आणि याने वहीत पाहून देशभरातले पक्षी सांगायचे. चहा-नाश्ता थंड व्हायचा. हा कॅफे 1988 मध्ये बंद झाला.

डोंगरातले आणखी कोणते पक्षी ब्रिटनला असे पाहुणे येतात?

आल्पाइन ॲक्सेंटर हा एक. 1822 मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या बागेत तो दिसला होता, म्हणजे तिथेही उंच दगडी इमारतींच्या सावलीत.

दुसरा आपल्या ओळखीचा: निळा कस्तुर, ज्याला इंग्रजीत ब्लू रॉक थ्रश म्हणतात. डिसेंबर 2016 मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या स्टो-ऑन-द-वोल्ड या गावात एक नर घरांच्या छपरांवर बसलेला आढळला आणि सगळ्या देशातून लोक त्या गल्लीत आले. आपल्याकडे हाच पक्षी हिवाळ्यात सह्याद्रीच्या किल्ल्यांवर नेमाने येतो. तटबंदीच्या टोकावर ताठ बसलेला, पाटीच्या दगडासारखा निळा नर किंवा खवलेदार तपकिरी मादी तुम्ही पाहिली असेल. तिथे ज्याच्यासाठी माणसं रात्रभर गाडी चालवतात तो इथे बुरुजावर बसलेला असतो आणि आपण त्याच्या बाजूने ताकाच्या टपरीकडे निघून जातो. पुढच्या वेळी थांबा.

वॉलक्रीपर सह्याद्रीत दिसेल का?

कडे आहेत, फटी आहेत, कोळीही भरपूर आहेत. पण हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत मध्ये अवाढव्य मैदान आणि पठार पसरलं आहे, आणि पायथ्यालाच पोट भरत असेल तर त्याने एवढं दूर का यावं? नाणेघाटात लाल काही लकाकलं तर आधी फुलपाखरू समजा. मात्र दुर्बीण लावून खात्री करायला काहीच हरकत नाही.

मग भारतात पाहायचा तर कुठे, केव्हा?

नोव्हेंबर ते मार्च, हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांकाठी. वर सांगितलेलं गर्जियाजवळचं कोसीचं पात्र सर्वांत सोयीचं. सातताल-चाफीचा परिसर आणि ऋषिकेशच्या वरच्या अंगाला गंगेकाठचे मोठे दगडही पाहण्यासारखे. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीसुद्धा सोडू नका. महाराष्ट्रातून जाणारे बरेचसे गट कॉर्बेटच्या जंगलात वाघासाठी जिप्सीतून फिरतात आणि नदीला अर्धा तासही देत नाहीत. एक सकाळ नदीला द्या.

फोटोसाठी किती जवळ जावं?

तो स्वतः जवळ येईल तेवढंच. हा पक्षी माणसाला फारसा घाबरत नाही, त्यामुळे लोक पुढे पुढे सरकत जातात. प्रत्येक वेळी उडाला की त्याचा खाण्याचा वेळ जातो, आणि हिवाळ्याचा दिवस लहान. त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवू नका. हद्द राखणारा पक्षी ते ऐकून भांडायला येतो आणि नसलेल्या शत्रूला शोधत बसतो. कोसीकाठी एका गटाने तेच केलं. पक्षी वीसेक मिनिटं दगडामागून दगड फिरत होता, चोच एकदाही फटीत गेली नाही.

मी ब्रिस्टलला राहतो. चेडरला गेलो तर कुठे बघू?

शक्यता अगदी नगण्य आहे, हे धरून जा. घळ मात्र तेवढ्यासाठीही जाण्यासारखी आहे. हिवाळ्यात, शनिवार-रविवार सोडून, सकाळी लवकर, गाड्यांची वर्दळ सुरू होण्याआधी पोचा. रस्त्यालगत जिथे कडा सरळ उभा राहतो तिथे थांबा आणि कड्यापासून जरा दूर उभे राहा, कारण दगड सुटून पडतात. पायथ्यापासून सुरुवात करा आणि दुर्बीण सावकाश वर न्या, तो चढतो तशी. ससाणे घिरट्या घालतील, डोमकावळ्यांच्या चुलतभावंडांचा, जॅकडॉंचा, कलकलाट चालू असेल. तिकडे लक्ष जाऊ देऊ नका. राखाडी दगडावर राखाडी काही हललं तर नजर तिथेच ठेवा आणि पंख उघडायची वाट पाहा.